डेकचा पहिला हात

न्यू जर्सीतल्या माझ्या भावाच्या घरामागे या वर्षी नवा डेक झाला. स्वयंपाकघराच्या दारातून थेट बाहेर पाऊल टाकता येईल असा, दोन पायऱ्या उतरून हिरवळीवर जाणारा. फळ्या सदर्न यलो पाइनच्या, प्रेशर-ट्रीटेड, म्हणजे कारखान्यात दाबाखाली औषध पाजलेल्या. अमेरिकेच्या पूर्व भागात डेकसाठी हे लाकूड सर्रास वापरतात, कारण ते स्वस्त पडतं आणि औषध चांगलं पितं. एप्रिलअखेर काम संपलं, टाउनशिपचा तपासनीस येऊन पाहून गेला आणि कंत्राटदारानं जाताना एकच सूचना दिली: लाकूड वाळू द्या, मग स्टेन लावा.

किती वाळू द्यायचं, कोणता स्टेन, किती हात, हे त्या सूचनेत नव्हतं. पण त्या सुमारास घरात लाकडाबद्दल अधिकारानं बोलू शकतील अशी दोन माणसं होती. मामांची चिपळूणला लाकडाची वखार होती. साग, ऐन, किंजळ, फणस यांत त्यांचं आयुष्य गेलं, आणि फळी नुसती उचलून ती आतून ओली आहे की वाळलेली, हे ते आजही सांगतात. वहिनी रसायनशास्त्र शिकलेल्या, रंग आणि लेप तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला. जूनच्या सुरुवातीला एका संध्याकाळी दोघं डेकवर खुर्च्या टाकून बसले आणि बोलता बोलता सगळा विषय मुळापासून निघाला. मी ऐकत होतो, मधेमधे विचारत होतो. ते बोलणं इथे देतो आहे, कारण दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं आणि नवा डेक बांधणाऱ्या प्रत्येकाला त्यातलं काही ना काही उपयोगी पडेल.

मामा: सूनबाई, आधी मला हे सांग, याला वरून काही लावायचंच कशाला? औषध आत मुरलेलं लाकूड आहे हे. आपल्याकडे विजेचे खांब असेच तयार व्हायचे. डेहराडूनच्या फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सोंटी कामेसन म्हणून शास्त्रज्ञ होते. त्यांनी १९३३ साली तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण शोधलं. ॲस्कू म्हणायचो आम्ही त्याला. ते जगभर गेलं, तुमच्या या अमेरिकेतही. त्या खांबांना कुणी कधी वरून रंग दिला?

वहिनी: ते आर्सेनिकचं औषध इथे घरगुती लाकडासाठी ३१ डिसेंबर २००३ पासून बंद झालं, मामा. आपल्या फळ्यांत तांबं आहे आणि बुरशी मारणारं एक सेंद्रिय रसायन. कामेसनांचं मिश्रण किडीवर जे काम करायचं तेच हे करतं. वाळवी लागणार नाही, लाकूड कुजणार नाही. पण ऊन आणि पाणी यांना ते अडवत नाही. पावसात फळी भिजते आणि फुगते, उन्हात आकसते, आणि हे दर आठवड्याला चालतं. वरचा थर आकसतो तेव्हा आतला भाग अजून फुगलेला असतो, म्हणून चिरा पडतात. विजेच्या खांबाला चीर पडली तर बिघडत नाही. इथे मुलं अनवाणी धावतात.

मामा: रंग करडा पडेल, एवढंच. पडू दे की. उघड्यावरचं पाइन शंभर वर्षांत सहा मिलिमीटर झिजतं, हे तूच परवा सांगितलंस.

वहिनी: सांगितलं, आणि ते खरं आहे. पण तो आकडा भिंतीवरच्या उभ्या फळ्यांचा. डेकवर पाणी साचतं, बर्फ महिनाभर बसून राहतं, वरून पायांची आणि खुर्च्यांची घासाघीस. उन्हातली अतिनील किरणं लाकडातलं लिग्निन तोडतात. तंतूंना एकमेकांशी धरून ठेवणारं तेच. ते पावसानं धुऊन गेलं की वर मोकळे तंतू उरतात, आणि आपल्याला दिसतो तो करडा रंग त्यांचाच. मला रंगाची चिंता नाही. त्या तंतूंची कुसळं मुलांच्या तळपायात जातात, त्याची आहे.

मामांना हे पटलं, पण पूर्ण नाही. करड्या पडलेल्या लाकडाबद्दल त्यांना मनापासून आदर आहे आणि तो मला समजतो. कोकणातल्या जुन्या घरांच्या पडव्यांचे खांब कुणी रंगवलेले नसतात आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकलेले असतात. मात्र ते खांब बहुधा सागाचे किंवा फणसाचे असतात आणि पडवीच्या छपराखाली उभे असतात. त्यांना ना थेट ऊन लागतं, ना थेट पाऊस. उघड्यावरच्या आडव्या, मऊ पाइनला तो न्याय लावता येत नाही. या मुद्द्यावर मी वहिनींच्या बाजूचा आहे.

पुढचा प्रश्न वेळेचा होता आणि त्यावर दोघांचं खरं वाजलं.

मामा: ठीक आहे, लावायचं. पण यंदा नाही. ओल्या लाकडाला हात लावायचा नसतो. पावसाळा आणि उन्हाळा असं एक चक्र त्याच्या अंगावरून जाऊ दे, जे पिळायचं ते पिळेल, जी चीर पडायची ती पडेल, मग पुढच्या मे महिन्यात बघू.

वहिनी: वर्षभर उघडं ठेवलं तर त्या वर्षात ऊन त्याचं काम करून मोकळं होईल. विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला सरकारी फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी आहे, १९१० पासून लाकडावरच काम करते. त्यांनी दाखवून दिलंय की कोरं लाकूड काही आठवडे जरी उन्हात राहिलं तरी त्यावर नंतर दिलेला रंग नीट धरत नाही. वाळलं की लगेच लावायचं. माझं म्हणणं, येत्या शनिवारी.

मामा: रंग धरत नाही, बरोबर. रंगाला पृष्ठभाग घट्ट लागतो, कारण तो वर बसतो. पण तू तर आत मुरणारं काही लावणार ना? मग जरा उन्हं खाल्लेलं, तोंड उघडलेलं लाकूड तेल जास्तच पितं. हे मी माझ्या हातांनी केलंय.

वहिनी: हे मान्य. खडबडीत किंवा थोडं ऊन लागलेलं लाकूड मुरणारा स्टेन जास्त घेतं, आणि जास्त घेतला की जास्त टिकतोही. पण मग आधी वरचे सुटलेले तंतू काढून टाकावे लागतात, ते काम वाढतं. आणि मामा, तुम्ही वर्ष म्हणता, मी शनिवार म्हणते. लाकूड काय म्हणतंय ते बघू या का?

मग मामा उठले आणि आतून वाटीभर पाणी घेऊन आले. ही चाचणी सुतारांना आणि स्टेन बनवणाऱ्यांना सारखीच मान्य आहे: फळीवर पाण्याचे थेंब टाकायचे. थेंब मण्यासारखे वर उभे राहिले तर लाकूड अजून काही पिण्याच्या स्थितीत नाही. काही मिनिटांत जिरले आणि खाली गडद डाग उमटला तर वेळ झाली. मामांनी पायऱ्यांजवळ, दिवसभर ऊन लागणाऱ्या टोकाला पाच-सहा थेंब टाकले. ते पाहता पाहता पसरले आणि जिरले. मग ते घराच्या भिंतीजवळ आले, छपराच्या सावलीत, जिथे डेकखालची मातीही ओलसर असते. तिथे थेंब टाकले, ते गोल बसून राहिले. आम्ही बोलत राहिलो, चहा झाला, तरी ते तिथेच होते.

वहिनींनी ओल मोजायचा मीटर आणला. दोन बारीक सुया लाकडात रुततात आणि आकडा दिसतो. उन्हाच्या टोकाला तो पंधराच्या खाली होता, भिंतीजवळ विशीच्या वर. स्टेनसाठी साधारण पंधरा टक्क्यांच्या खालची ओल हवी असते. तांब्याच्या क्षारांमुळे अशा लाकडात मीटर थोडा चढा आकडा दाखवतो, पण तेवढं धरूनही फरक स्पष्ट होता. एकाच दिवशी, एकाच ढिगातून आणलेल्या फळ्यांचा डेक दोन वेगवेगळ्या वेगांनी वाळत होता.

एवढं पाणी आलं कुठून, असं मी विचारलं. वहिनींनी कारखान्यातली रीत सांगितली. मोठ्या पोलादी नळकांड्यात फळ्या भरून दार बंद करतात, आधी आतली हवा खेचून घेतात, म्हणजे लाकडाच्या पेशींमध्ये पोकळी होते, आणि मग औषध मिसळलेलं पाणी सोडून वर दाब देतात. औषध पेशींच्या भिंतींना चिकटतं. पाणी मात्र वाटेनं निघून जायला वेळ घेतं, आणि ते जायच्या आत फळ्या दुकानात पोचतात. डेक बांधताना स्क्रू आत जाताच त्याच्या डोक्याभोवती पाणी वर येत होतं, ते मी पाहिलं होतं. म्हणूनच कंत्राटदारानं फळ्या एकमेकींना जवळजवळ खेटून बसवल्या होत्या. जूनपर्यंत त्या आकसून मधे फटी पडल्या. औषध दिल्यावर भट्टीत वाळवलेल्या फळ्याही मिळतात, त्यांवर तसा शिक्का असतो, त्या महाग असतात. त्या घेतल्या असत्या तर हा वाट पाहण्याचा प्रश्न जवळपास उरला नसता.

इथे वहिनींनी एक बारकावा दाखवला, जो मला फार महत्त्वाचा वाटतो.

वहिनी: थेंब उभा राहिला म्हणजे लाकूड ओलंच, असं नाही. ही फळी बघा. हे रुंद, फिकट पट्टे वसंतातल्या वाढीचे, मऊ. आणि हे अरुंद, गडद पट्टे उन्हाळ्याअखेरच्या वाढीचे, दगडासारखे कठीण. यंत्राच्या रंध्यानं हे पट्टे गुळगुळीत दाबले जातात. त्यांवर पाणी तसंच राहतं, लाकूड कितीही कोरडं असलं तरी. म्हणून आधी एवढासा तुकडा घासायचा आणि घासलेल्या जागी थेंब टाकायचा.

त्यांनी भिंतीजवळ तळहाताएवढी जागा ऐंशी नंबरच्या सँडपेपरनं घासली आणि पुन्हा पाणी टाकलं. थेंब हलला नाही. तिथे खरोखरच ओल होती.

मामा: म्हणजे तुझा शनिवार गेला.

वहिनी: आणि तुमचं वर्षही गेलं. उन्हातला भाग आजच तयार आहे. तो पुढच्या मेपर्यंत तसाच ठेवला तर फुकट जळेल.

शेवटी असं ठरलं की भिंतीजवळची फळी पाणी पिऊ लागेल तेव्हा सगळा डेक एकदम करायचा, कारण अर्धा आता आणि अर्धा नंतर केला तर रंगात फरक राहतो. ती वेळ जुलै सरता सरता आली. हिमवर्षाव होणाऱ्या प्रदेशात वसंतात बांधलेल्या डेकला बहुतेकदा त्याच उन्हाळ्यात किंवा शरदाच्या आरंभी मुहूर्त सापडतो. उशिरा, ऑक्टोबरमध्ये बांधला असेल तर मात्र मामांचं बरोबर ठरतं, हिवाळा जाऊ द्यावाच लागतो.

स्टेन कोणता, यावर मला वाटत होतं की फारसा वाद होणार नाही. झाला, आणि सगळ्यांत मोलाचं बोलणं त्यातच निघालं.

मामा: मला विचारशील तर नुसतं तेल. पूर्वी आमच्याकडे होड्यांना उंडीचं तेल देत. पावसाळ्यात मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. नारळी पौर्णिमेच्या आधी लाकूड घासायचं, तेल द्यायचं. खाऱ्या पाण्यातलं लाकूड त्यावर टिकायचं. इथे अळशीचं उकळलेलं तेल मिळतं, तेच द्या. लाकूड लाकडासारखं दिसू दे.

वहिनी: तेल पाणी काही काळ अडवेल. ऊन अडवणार नाही. ऊन अडवतो तो रंगद्रव्याचा कण. तेल जेवढं पारदर्शक, तेवढं ऊन थेट आत. आणि अळशीचं तेल बुरशीचं आवडतं खाणं आहे. जर्सीतल्या दमट उन्हाळ्यात बुरशीनाशक न घातलेलं तेल दिलं तर काळे ठिपके पडायला वेळ लागत नाही.

मामा: मग तुझा नवरा म्हणतो तसा घट्ट रंगाचा स्टेन? तो तर रंगच की. लाकडाच्या रेषा सगळ्या झाकून टाकणार.

माझ्या भावाला गडद तपकिरी, पूर्ण झाकणारा सॉलिड स्टेन हवा होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. डब्यावर लिहिलेली वर्षं त्याचीच जास्त असतात, मग दर दोन वर्षांनी गुडघ्यावर बसायचं कशाला. वहिनींनी त्यांच्या प्रयोगशाळेतल्या अनुभवावरून याला जे उत्तर दिलं, त्यानं हा प्रश्न माझ्यापुरता सुटला.

वहिनी: स्टेन किती वर्षं टिकतो हे सगळे विचारतात. तो जातो कसा, हे कोणी विचारत नाही. सॉलिड स्टेनमध्ये रंगद्रव्य इतकं जास्त असतं की तो लाकडावर पातळ पापुद्रा धरतो. उभ्या कठड्यावर तो पापुद्रा छान राहतो, पाच-सहा वर्षंही. जमिनीवर मात्र फळीच्या खालच्या अंगानं आणि टोकांतून पाणी आत शिरतंच. ते उन्हात वर यायला बघतं आणि पापुद्र्याला खालून ढकलतं. त्यात हे गडद पट्टे कठीण, त्यांवर पापुद्र्याची पकड मुळात कच्ची. मग पोपडे निघतात, आणि निघतात तेही जिथे येणं-जाणं जास्त तिथेच. तिथे नुसता दुसरा हात देता येत नाही. आधी सगळं खरवडायचं, रसायनानं किंवा सँडरनं, मगच पुढचं काम. आणि एकदा सॉलिड दिला की त्यावर मुरणारा स्टेन कधीच देता येत नाही, कारण मुरायला जागाच उरत नाही.

मामा: आणि तो दुसरा?

वहिनी: अर्धपारदर्शक. त्यात ऊन अडवण्यापुरतं रंगद्रव्य असतं आणि तो आत जातो. तुमच्या रेषा दिसतात. जमिनीवर दोन वर्षं, फार तर तीन. पण जातो तेव्हा फिकट होत जातो, सुटून येत नाही. धुवायचं, वाळवायचं, दुसरा हात द्यायचा, झालं.

मामा: म्हणजे होडीचंच झालं की हे. दर हंगामाला तेलपाणी करायचंच असतं. कोणी एकदाच देऊन मोकळा होत नाही.

मामांचं हे बोलणं मला सगळ्या चर्चेचा गाभा वाटलं. दुकानात डब्यांच्या रांगेपुढे उभं राहिलं की नजर हमीच्या वर्षांवर जाते. पण जमिनीवरच्या उघड्या लाकडाला कोणताही लेप कायमचा पुरत नाही. म्हणून निवड करताना पाहायचं ते हे की तो संपल्यावर पुढचा हात देणं किती सोपं जाईल. अर्धपारदर्शक स्टेन या कसोटीला उतरतो. पूर्ण पारदर्शकही उतरतो, पण तो वर्षभरातच जातो. सॉलिड कठड्यांना, खांबांना द्यावा, जमिनीला देऊ नये. भावानं शेवटी हेच केलं: कठडे गडद, जमीन मधाच्या रंगाची.

रंग निवडताना एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. तांब्याच्या औषधामुळे नव्या फळ्यांना हिरवट झाक असते, आणि दुकानातले नमुने वेगळ्याच लाकडावर रंगवलेले असतात. उरलेल्या तुकड्यांवर लावून, वाळवून, दिवसाच्या उजेडात पाहिल्याशिवाय ठरवू नये. फार गडद छटा दुपारच्या उन्हात तळपाय भाजतात. तेलाचा की पाण्याचा, यावर मामा आणि वहिनी शेवटपर्यंत एक झाले नाहीत. तेलाचा खोल जातो आणि त्यात ब्रशच्या रेषा कमी दिसतात. पाण्याचा लवकर वाळतो, बुरशीला कमी बळी पडतो, वासही कमी. हवा दूषित करणाऱ्या द्रावकांवरच्या नियमांमुळे काही राज्यांत तेलाचे जुने प्रकार मिळतही नाहीत. आम्ही तेलाचा घेतला, कारण कठीण पट्ट्यांच्या या पाइनमध्ये तो जास्त नीट शिरताना दिसला.

तयारीबद्दल दोघांचं एकमत होतं, म्हणून थोडक्यात. नवं लाकूडही धुवावंच लागतं. त्यावर कारखान्यातले शिक्के, बुटांचे डाग, आणि जर्सीत मे महिन्यात सगळीकडे बसणारा पिवळा परागही असतो. ऑक्सिजन ब्लीचचं पाणी आणि लांब दांड्याचा ब्रश पुरतो. त्यानंतर ऑक्झॅलिक ॲसिडचा सौम्य धुवा दिला तर लाकूड उजळतं आणि खिळ्यांच्या लोखंडाचे काळे डाग जातात. हे करताना हातमोजे हवेत, आणि नंतर भरपूर स्वच्छ पाणी ओतावं. प्रेशर वॉशर जपून वापरावा. जोरात फवारा जवळ धरला की मऊ पट्टे खोदले जातात आणि फळी केसाळ होते. धुतल्यावर पुन्हा निदान दोन-तीन दिवस कोरडं ऊन हवं.

घासायचं ते साठ किंवा ऐंशी नंबरनं, त्याहून बारीक नाही. आरशासारखी गुळगुळीत फळी स्टेन पीत नाही. धुळीत तांबं असतं, मास्क लावूनच घासावं. २००४ च्या आधीचा जुना डेक असेल तर त्यात आर्सेनिक असण्याची शक्यता धरूनच चालावं आणि त्याला सँडर लावू नये. कापलेले तुकडे कधीही शेकोटीत टाकू नयेत, त्याची राख आणि धूर विषारी असतात. कापलेल्या टोकांबद्दल मामा फार आग्रही होते, आणि रास्तच. औषध फळीच्या बाहेरच्या, मऊ भागात जास्त जातं, गाभ्यात कमी. कापल्यावर तो कोरा गाभा उघडा पडतो. त्यावर कॉपर नॅप्थेनेटचा हात द्यावा. पायऱ्यांच्या आणि कडेच्या फळ्यांची टोकं कंत्राटदारानं तशीच सोडली होती, ती मामांनी स्वतः बसून केली.

लावायच्या दिवशी मामा पहाटे उठले. दव वाळेपर्यंत थांबले आणि मग सावली जशी सरकेल तसं काम पुढे नेलं. हवा १० ते ३२ अंश सेल्सियसच्या मधे असावी, इथल्या मोजणीत ५० ते ९० फॅरनहाइट, पण हवेपेक्षा फळीचं तापमान पाहावं. उन्हात तापलेल्या फळीवर स्टेन मुरण्याआधीच सुकतो आणि चिकट डाग राहतात. पुढचा दिवसभर पाऊस नसावा. सगळे डबे आधी एका मोठ्या बादलीत ओतून एकत्र ढवळले, कारण डब्या-डब्यातल्या रंगात किंचित फरक असतो आणि तो डेकच्या मधोमध उमटतो. रंगद्रव्य तळाशी बसतं, म्हणून काम चालू असतानाही ढवळत राहावं लागतं.

मग एका वेळी दोन फळ्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधे थांबायचं नाही. वाळत आलेल्या कडेवर ओला ब्रश आला की तिथे दुहेरी रंगाची पट्टी पडते आणि ती पुसता येत नाही. वहिनी रोलरनं स्टेन पसरत होत्या आणि मामा मागून ब्रशनं तो रेषांच्या दिशेनं आत रगडत होते. फटींत आणि टोकांना ब्रशच लागतो. पंधरा-वीस मिनिटांनी जो स्टेन वर चमकत राहिला तो फडक्यानं पुसून घेतला. हा टप्पा बहुतेकजण टाळतात. पैसे देऊन आणलेला स्टेन पुसायचा जिवावर येतो. पण लाकडानं घेतला तेवढाच कामाचा. वर राहिलेला आठवडाभर चिकट राहतो, त्यावर धूळ बसते आणि पुढे तोच सुटतो. पहिल्याच वेळी दुसरा हात द्यावा असं मला वाटलं होतं, फळ्या जरा फिक्या दिसत होत्या. मामांनी थेंब टाकून दाखवला. तो वर उभा राहिला. लाकडाचं पोट भरलं होतं.

आता निवाडा. वर्षभर थांबण्याचा मामांचा नियम नव्या पाइनच्या डेकसाठी मी मानत नाही, आणि वहिनींचा शनिवार त्याहूनही कमी. पण मामांचं वाटीभर पाणी आणि वहिनींची ऐंशी नंबरची घासणी या दोन गोष्टी प्रत्येकानं वापराव्यात, आणि त्याही उन्हातल्या सोयीच्या जागी नाही, भिंतीजवळच्या सर्वांत ओल्या कोपऱ्यात. स्टेन आणायला दुकानात जाण्यापूर्वी हे करा.

एक गोष्ट उरली, आणि ती मी हात जोडून सांगतो. तेलाचा स्टेन पुसलेल्या चिंध्या गोळा करून कचऱ्याच्या पिशवीत किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि गरम होतं. चुरगळलेल्या चिंधीत ती उष्णता कोंडते आणि कुणी काडी न लावता चिंधी काही तासांत पेट घेते. घरांना अशा आगी लागलेल्या आहेत. चिंध्या बाहेर, एकेक वेगळी, सपाट पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाणी भरलेल्या, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. काम संपलं की हात धुण्याआधी हे करा.